राहिलेले अकरा रुपये

मामंजी, त्या सकाळी मी स्टोव्हवर आंघोळीचं पाणी ठेवलं होतं, ज्वारीचं पीठ चाळून झालं होतं आणि मी पोरीची वेणी घालत होते. दाराशी माझी पिशवी भरून ठेवलेली. साताऱ्याहून भाऊ न्यायला येणार होता. तुमचा मुलगा शिरवळहून दुकानासाठी रिकाम्या खोक्यांचा माल घेऊन येताना रस्त्यातच गेला, त्याला काही महिने झाले होते. त्यातला शेवटचा महिना मी दुकानात येऊन बसत होते, कारण घरात बसवत नव्हतं. तुम्ही स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी आलात. आत तुम्ही कधी यायचा नाहीत. बाहेरूनच नोटा पुढे धरल्यात आणि म्हणालात, "दुकानात बसलीस त्येचा पगार हाय. मेहरबानी न्हाई." मी मोजल्या नाहीत. तुम्हीच म्हणालात, "अकरा रुपयं कमी हायत. सुट्टं न्हाईत आज. उद्या दुकानात ये, देतो." मी म्हटलं, "आवं, उद्या मी साताऱ्यात असंन." तुम्ही म्हणालात, "मग परवा ये," आणि चपला घालून निघून गेलात. भाऊ आला, जेवला आणि एकटाच परत गेला. मी त्याला काय सांगितलं ते मला आठवत नाही. दुसऱ्या दिवशी पोरीला घेऊन मी दुकानात आले. तुम्ही अकरा रुपये दिले नाहीत. पुढेही कधी दिले नाहीत.

ही तुमची जुनी रीत होती हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. बेदाणा भरायला आपली खोकी नेणारं तासगावचं प्रत्येक गिऱ्हाईक हंगाम संपला की हिशेब करायला यायचं, आणि तुम्ही बाकी सगळे पैसे घेऊन अकरा रुपये त्याच्याकडेच येणं ठेवायचात. समोरच्यानं नोट काढली तरी तुम्ही त्याचा हात मागे सारायचात. "ऱ्हाऊ दे की. पुढच्या साली ये द्यायला. न्हाई आलास तर मी येतो इचारायला." पाडव्याला नवी वही निघायची, तेव्हा हे अकरा अकरा रुपये आधी उतरवून घ्यायचे. त्यातच माझंही खातं होतं, पण उलट्या बाजूला. माझ्या नावापुढे तुम्ही दर पाडव्याला लिहायचात, देणे अकरा. मी शेजारी बसून वहीला हळदकुंकू लावत असायचे. तुम्ही माझ्याकडे बघायचा नाहीत.

पहिल्या वर्षी मी एक चूक केली होती. तुम्हाला ताप होता म्हणून वसुलीला मी तासगावला गेले. तिथले शेठ, आपलं सगळ्यांत मोठं गिऱ्हाईक, तेव्हा नुकतेच वडिलांच्या जागी बसले होते. त्यांनी हिशेब केला आणि मी पै न पै घेतली, अकरा रुपयेसुद्धा. त्यांनी दिले, पण चहा काही सांगितला नाही. मी घरी येऊन मोठ्या तोऱ्यात नोटा तुमच्या उशाशी ठेवल्या. तुम्ही पडल्या पडल्या मोजल्यात आणि उठून बसलात. "सगळं घेतलंस व्हय? आगं, मग त्येनं आता आपल्याकडं काय म्हणून यायचं?" मी म्हटलं, खोकी घ्यायला येतील की. तुम्ही म्हणालात, "खोकी कुटंबी मिळत्यात." दुसऱ्या दिवशी तुम्ही मला एसटीनं परत तासगावला पाठवलंत, अकरा रुपये परत करायला. तिकिटालाच त्याहून जास्त गेले. शेठनी नोट आणि नाणं घेतलं, गल्ल्यात टाकलं आणि पोऱ्याला हाक मारली, "वैनींना चहा आण रं." मग माझ्यासमोर वहीत अकरा मांडले. मी तो चहा प्याले. साखर जास्त होती.

तुम्ही मला बाकी काही दिलंत असं म्हणता येणार नाही. साडी नाही, सणाची ओवाळणी नाही. पण खोक्यात घालायला रद्दी यायची, त्यातली पुस्तकं तुम्ही बाजूला काढून ठेवायचात. तुम्हाला वाचता येत होतं ते फक्त आकडे आणि नावं. त्यामुळे काय पुस्तक आहे ते न बघताच ठेवायचात. शेतीचं, देवाचं, कादंबरी, नववीचं विज्ञान. माझी शाळा चौथीत सुटलेली. दुपारी गिऱ्हाईक नसताना मी बोट ठेवून वाचायचे आणि तुम्ही विचारायचात, "काय म्हणतंय त्यात?" मी सांगायचे. अर्ध्यात तुमचा डोळा लागायचा. आता आम्ही विश्रामबागेत राहायला आलोय, तिथं घराजवळच वाचनालय आहे. आठवड्याला एक पुस्तक संपतं. काय म्हणतंय त्यात, असं विचारणारं कुणी नाही, त्यामुळे बरंचसं विसरायला होतं.

तुमची नात शिकली, पुण्यात नोकरीला लागली, आणि आता महिन्यातून निम्मे दिवस घरून काम करते. दुकानाच्या वह्या तिनंच संगणकात घातल्या. मागच्या महिन्यात ती म्हणाली, आई, तुझे गुडघे गेलेत, वसुलीला किती हिंडशील. आता फोनवर एक कंपनी असते म्हणे. गिऱ्हाइकानं माल उचलला की बिल त्या कंपनीकडे जातं, कंपनी आपले पैसे लगेच देते, आणि गिऱ्हाईक दोन महिन्यांनी कंपनीला देतं. आपलं येणं कुणाकडे उरतच नाही. आणि हे सगळं बघायला एक एजंट जोडायचा. मी म्हटलं, "त्याला चहा लागतो का?" पोर हसली. "अगं, माणूस नाही तो. संगणकातली बुद्धी आहे. बिल करेल, कंपनीला पाठवेल, कुणाला किती उधार चालेल ते विचारेल, तारीख आली की निरोप पाठवेल. चहा नाही, रजा नाही, उलट उत्तर नाही." मी म्हटलं, "मग तुझ्यासाठीच बघूया की." ती म्हणाली, "आधी दुकानाला जोडू."

रविवारी दुपारी ती जोडायला बसली. मी समोर शेंगा फोडत होते. तो एजंट एकेक परवानगी मागतो आणि पोर मला वाचून दाखवते. बिलं बघू का. बिलं करू का. गिऱ्हाइकांना निरोप पाठवू का. मी हो म्हणत जाते. मग ती थांबते. "आई, जुनी खाती मिटवू का विचारतोय. मागची बाकी असेल तर कंपनी ते गिऱ्हाईक घेत नाही." ती पडद्यावर खाली खाली बघत जाते. "सगळ्यांकडे अकराच रुपये कसे काय गं? सतरा वर्षं, बावीस वर्षं. मला वाटलं होतं माझंच टाईप करताना काही चुकलं." मी म्हटलं, "आजोबांची पद्धत." ती म्हणाली, "मग मिटवू?" मी हो म्हटलं. तिनं बटण दाबलं. मी शेंगा फोडत राहिले.

संध्याकाळपर्यंत बहुतेकांनी भरले. निरोप सभ्य होता, पोरीनं मला वाचून दाखवला. आदरणीय ग्राहक, आपल्याकडे अकरा रुपये थकीत आहेत, कृपया येथे भरावेत. मग फोन सुरू झाले. एक म्हणाला, "वैनी, पैसं भरलं, पण आमचं काय चुकलं का?" दुसरा म्हणाला, "दुकान विकलासा काय? कुणाला विकलासा?" एकानं चेष्टा केली, "व्याज किती धरलंय ते सांगा, म्हस विकतो." मी सगळ्यांना एकच सांगितलं, नवीन मशीन आहे, मनावर घेऊ नका. तासगावच्या शेठचे पैसे सगळ्यांच्या आधी आले. त्यांचा फोन आला नाही. संक्रांत झाली की पहिला खोक्यांचा सांगावा त्यांचाच येतो. तोही या वर्षी अजून आलेला नाही.

पोरीच्या ध्यानात आलं. ती लॅपटॉप मिटून माझ्याजवळ बसली. "मला सांगायचं ना आई." मी म्हटलं, "तू विचारलंस, मी हो म्हटलं." "पण तुला माहीत होतं ना त्यांना काय वाटेल ते?" तिचा दोष नाही आणि त्या एजंटचाही नाही. माझ्यासारखीच त्यानं पहिल्या दिवशी पै न पै घेतली. फरक एवढाच की त्याला एसटीत बसवून परत पाठवणारं कुणी नव्हतं.

तेवढ्यात माझा फोन वाजला. खात्यात अकरा रुपये जमा झाल्याचा निरोप होता. दुकानाकडून. तुम्ही गेल्यावर दर पाडव्याला ते अकरा मीच पुढे उतरवत आले होते, तेही त्यानं मिटवलं. पोर म्हणाली, "हे परत फिरवता येईल, फिरवू?" मी नको म्हटलं. मला वाटलं होतं आता रडू येईल. आलं नाही. मी शेंगांची टरफलं गोळा केली, खालच्या कुंडीत टाकली, कुकर लावला. कुकर झाला, आम्ही जेवलो. भाताला मीठ कमी होतं, दोघींनीही तसंच खाल्लं.

तुम्हाला एक गोष्ट सांगते, पोरीला सांगणार नाही. हो म्हणताना मला सगळं ठाऊक होतं. इतकी वर्षं मी उद्या दुकानात येते आहे. एकदा सगळी खाती शून्यावर आलेली बघावीत, आपलं कुणाकडे काही नाही, कुणाचं आपल्याकडे काही नाही, मग आपणही सुटू, असं मनात आलं होतं. म्हणून हो म्हटलं. शून्य झालं, मी पडद्यावर बघितलं. सुटल्यासारखं काही वाटलं नाही. नुसतं उद्या कुठे जायचं ते कळेना.

हा कागद मी पाडव्याच्या वहीत ठेवीन. या वर्षीही वही आणलीच आहे, तिच्यात मांडायला काही नसलं तरी.

त्या रविवारच्या दुसऱ्याच दिवशी मी एसटीनं तासगावला गेले, शेठच्या दुकानातून अर्धा किलो बेदाणा घेतला आणि पैसे अकरा रुपये कमी दिले.