दोनदा आलेली सोळा पानं

१२ सप्टेंबर, शनिवार
दुपार

प्रिय धाकटे,

अनेक आशीर्वाद. मी बरी आहे. गुडघा त्याच्या मर्जीने चालतो आणि मी गुडघ्याच्या. तुम्ही दोघं खुशाल असाल. तुझ्या यजमानांचा खोकला कमी झाला हे मला परवा त्यांच्याच तोंडून कळलं. ते कसं कळलं, ते पुढे येईलच.

आधी कामाचं. येत्या शनिवारी मी मुलाकडे राहायला जाते आहे, कायमची. नवा पत्ता पाकिटाच्या मागे लिहिला आहे. त्या पत्त्यावर पत्र घाल, पण पुस्तकांचं पार्सल पाठवू नकोस. पार्सलं आता बंद. नुसता पत्ताच कळवायचा असता तर फोनवर कळवला असता. पार्सलं का बंद, ते लिहायला बसले आहे. आणि मुलाकडे जाणं हा काही माझा पहिला विचार नव्हता, हेही.

वाचनालयाची वरची खोली सोडावी लागते आहे, एवढं तुला फोनवर बोलले होते. तीस वर्षं खाली देवघेवीच्या टेबलाशी बसले आणि वर झोपले, त्यामुळे कामावर उशिरा आल्याबद्दल एकदाही बोलणी खाल्ली नाहीत. निवृत्त झाले तरी 'राहा हो बाई, खोली पडूनच असते' म्हणून राहिले. आता कार्यकारिणीने ठरवलं आहे की खालच्या हॉलमध्ये संगणक मांडायचे आणि पुस्तकांचे गठ्ठे बांधून वर माझ्या खोलीत ठेवायचे. म्हणजे पुस्तकं घरात आणि बाई दारात. अध्यक्ष भाषणात म्हणाले, काळाबरोबर चाललं पाहिजे. या गृहस्थांनी तीस वर्षांत एकच पुस्तक नेलं, आणि ते अजून परत यायचं आहे.

तुला वाटेल, ताई आता छापील पुस्तकांचे गोडवे गाणार. नाही गं. पुस्तकाचा वास वगैरे मला कोणी सांगू नये, आमच्या निम्म्या कपाटांना डांबरगोळ्यांचा वास येतो. लोक बदलत गेले ते मी टेबलामागून रोज पाहिलं. बँकेतल्या एक बाई पुस्तक नेतात, वीस पानं वाचतात, आवडलं की पुढचं बसमध्ये फोनवर वाचतात आणि पुस्तक दुसऱ्या दिवशी परत. आमचे निवृत्त मास्तर उलटे. फोनवर वाचून झालं की तेच पुस्तक घरी नेतात. म्हणतात, 'खरंच वाचलं की नुसतं बोट फिरवलं, ते तपासतो.' ज्याची त्याची सोय. मी कोणाला कधी नाक मुरडलं नाही.

आणि कबुली द्यायचीच तर पुरी देते. मीही वाचलं आहे. मागच्या हिवाळ्यात मुलाकडे आठ दिवस होते तेव्हा सुनेच्या टॅबवर अख्खी रहस्यकथा संपवली. अक्षर हवं तेवढं मोठं होतं, आडवं पडून वाचता येतं, अंगठा दुखत नाही. मजा आली, खोटं कशाला सांगू! तुला मात्र बोलले नाही. वाटलं, तुझं मन दुखावेल. हे वाचून तुला हसू येईल कदाचित. मला आता येत नाही.

तेव्हा माझं भांडण त्या पाटीशी नाही. टॅबला 'पाटी' हा शब्द तुझ्या यजमानांचा.

आपली पार्सलं सुरू झाली ती काही वाचनाच्या वेडाने नाही, हे तुझ्यामाझ्याशिवाय कोणाला ठाऊक नाही. तुझ्या सासूबाई तुझी पत्रं फोडायच्या. नुसत्या फोडून थांबत नव्हत्या, जेवताना सगळ्यांना वाचून दाखवायच्या, माझ्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकांसकट. पुस्तकाला मात्र हात लावायच्या नाहीत. 'वाचून कोणाचं भलं झालंय?' म्हणायच्या. त्यांच्या नाकाखालून आपलं सगळं समासातून चाललं होतं. शिसपेन्सिलीने, बारीक अक्षरात, आधी मी आणि मग तू.

तीन खुणा ठरल्या होत्या. गोल म्हणजे भेटल्यावर बोलू. फुली म्हणजे तुझं चुकतंय. आणि बरोबरची खूण म्हणजे वाचलं, समजलं, पण यावर पुन्हा विषय काढायचा नाही. ही तिसरी खूण तुझी. तुझं पहिलं मूल राहिलं नाही ते तू मला विनोदी कथांच्या पुस्तकात कळवलंस, चाळिसाव्या पानाच्या समासात, आणि खाली लिहिलंस, 'नुसती बरोबर कर, बोलू नकोस.' मी खूण केली आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या बसने आले. चार दिवस राहिले, तुझ्या घरच्यांची भांडी घासली, आणि त्यावर एक अक्षर बोलले नाही.

पुढे सासूबाई गेल्या, घरात फोन आला, मग हातात फोन आला. तरी समास आपण सोडला नाही. फोनवर औषधं, पाऊसपाणी, कोणाचं लग्न ठरलं, कोणाचं मोडलं. खरं काय ते समासात. मी तरी असंच धरून चालले होते.

आता जूनमधल्या कादंबरीचं सांगते. ती जाडी, घड्याळं दुरुस्त करणाऱ्या बाईची. माझ्या प्रतीत बांधणाऱ्याने घोळ घातला होता. एक फर्मा दोनदा आणि पुढचा गायब. फर्मा म्हणजे एकत्र छापून दुमडलेली सोळा पानं, हे तुला मी पन्नासदा सांगितलं असेल. एकशे तेरा ते एकशे अठ्ठावीस दोन वेळा, आणि त्यानंतर एकदम एकशे पंचेचाळीस. मी बदलून आणणार होते. दुकानदार ओळखीचा, त्याने तिथल्या तिथे बदलून दिली असती. मग वाटलं, ही तर सोळा पानं फुकटची आहेत. दुसऱ्यांदा कोणी वाचायची नाहीत, समास कोरे, आणि मला तुला एक विचारायचं होतं. फोनवर विचारायला जीभ रेटत नव्हती.

म्हणून त्या दुसऱ्या वेळच्या पानांवर लिहिलं. दर पानाला एखाददुसरं वाक्य, आणि शेवटच्या पानावर प्रश्न.

जुलैअखेर पुस्तक परत आलं. बरोबर तुझं दोन ओळींचं पत्र: 'ताई, फार सुंदर. ती दुकानाच्या किल्ल्या दिराच्या हातावर ठेवून निघते ना, तिथे मी ढसाढसा रडले.' पत्र मी धड वाचलंही नाही. आधी पुस्तक उघडलं. दुसरं एकशे अठ्ठावीस. माझ्या प्रश्नाच्या शेजारी बरोबरची खूण होती.

गॅसवरचं दूध उतू गेलं तेव्हा हलले. तुझा राग नाही आला तेव्हा. मनाशी म्हटलं, तिची काही अडचण असेल, तिचा संसार, तिच्या घराच्या भिंती, मी कोण विचारणारी! खूण केली आहे तर विषय संपला. आपला करार मी मोडणार नव्हते. दुसऱ्या दिवशी मुलाला फोन करून म्हटलं, येते रे. त्याला इतका आनंद झाला की मलाच अपराध्यासारखं वाटलं.

हे सगळं तिथेच संपलं असतं. पण परवा गठ्ठे बांधताना वाचनालयाची प्रत हाती आली, तीच कादंबरी, धड बांधलेली. म्हटलं, आपली राहिलेली सोळा पानं वाचून घेऊ. स्टुलावर बसून वाचली. एकशे छत्तिसाव्या पानावर ती बाई दिराच्या हातावर किल्ल्या ठेवते.

धाकटे, एकशे छत्तिसावं पान मी तुला पाठवलेल्या पुस्तकात नव्हतंच. मग तू रडलीस कुठे?

मी लगेच फोन केला. तू डोळे तपासायला गेली होतीस. यजमान भेटले, आणि त्यांच्या मनात काही पाप नाही बिचाऱ्यांच्या, खोकल्यापासून सुरुवात करून सगळं सांगत सुटले. 'अहो ताई, ती कुठली पुस्तकं वाचतेय! तीन वर्षं झाली, ती पाटीच धरून बसते. तुमचं पार्सल आलं की आधी ते पाटीवर मिळतंय का बघते. मिळालं की खूष.' मी विचारलं, 'आणि पेन्सिलीच्या खुणा?' तर हसायलाच लागले. 'त्या होय! पार्सल बांधायच्या दिवशी टीव्ही बघत बघत मारते. आठ-दहा पानांमागे एक. म्हणते, ताईला बरं वाटतं.'

ताईला बरं वाटतं!

मी 'हो का' म्हटलं, खोकल्याला काढा घ्या म्हटलं आणि फोन ठेवला.

तीन वर्षं म्हणजे किती पुस्तकं झाली, ते मी मोजणार नाही. त्यांत काय काय होतं तेवढं सांगते, कारण ते तुला आज पहिल्यांदाच कळणार आहे. तुझे भाऊजी गेल्यानंतर सहा महिने मी दोन कप चहा करत होते, ते होतं. मी जिन्यात पडले आणि अर्धा तास तशीच पायरीवर बसून होते, ते मुलाला सांगितलं नाही, तुला सांगितलं होतं. तिथेही तुझी बरोबरची खूण होती. माझ्या मनात आलं, धाकटी जाणती आहे, उगाच बोभाटा करत नाही. तुझ्या त्या शहाणपणाचं कौतुक मी सुनेजवळ केलं गं. अध्यक्षांच्या नकला होत्या पानोपानी, त्यांवर कधी एक 'हा हा' आलं नाही, तेव्हा म्हटलं, वय झालं आता आपलं.

दोन पुस्तकांच्या वेळी 'वाचायला वेळच झाला नाही' म्हणून लिहिलंस. ती पाटीवर नसतील.

डोळ्यांसाठी तू पाटी घेतली असशील. बारीक अक्षर दिसत नसेल, आणि माझं पेन्सिलीचं तर त्याहून फिकट. अगं, सांगायचं होतंस एका वाक्यात. मी शाईने लिहिलं असतं, टपोऱ्या अक्षरात लिहिलं असतं, नाहीतर समास सोडून दिला असता. खुणाच केल्या नसत्यास तरी चाललं असतं. कोरा समास पाहून मी कधीतरी विचारलं असतं. पण तू न वाचता वाचल्याची खूण करत राहिलीस. सासूबाई निदान पत्र फोडून वाचायच्या तरी. तू मला फसवलंस, धाकटे. दया करून फसवलंस, म्हणून तर ते जास्त लागलं. आणि त्या आठ-दहा पानांमागच्या एका खुणेत मला माझं उत्तर मिळालं. टीव्हीवर तेव्हा काय चाललं होतं, देव जाणे.

प्रश्न काय होता ते मी इथवर टाळत आले, हे तुझ्या लक्षात आलं असेल. आता लिहितेच. तुझ्या घरची मागची खोली, जिथे तुम्ही जुने पलंग ठेवले आहेत, तिथे मी येऊन राहू का, असं विचारलं होतं. माझा खर्च माझा, स्वयंपाक एक दिवस तू आणि एक दिवस मी. यजमानांना विचारून सांगू नकोस, तुझ्या मनात काय आहे ते सांग, असं लिहिलं होतं. आणि शेवटी लिहिलं होतं की आता उरलेली वर्षं मला तुझ्याशी तोंडाने बोलायचं आहे.

हे वाचून तू फोन करशील. रडशील. 'ताई, आत्ताच्या आत्ता ये' म्हणशील, आणि मनापासून म्हणशील, मी तुला ओळखते. तरी म्हणू नकोस. मुलाने माझ्यासाठी खोली रंगवली आहे, नातीने स्वतःचं अभ्यासाचं टेबल बाहेर काढून दिलं आहे, तोंडातून ब्र न काढता. त्या पोरीला मी आता काय सांगू? आणि समजा, ते सगळं मोडून मी आलेच, तरी रोज सकाळी तुझ्यासमोर बसल्यावर माझ्या मनात यायचं की हिने मला बोलावलं ते माझ्यासाठी की शरमेपोटी. जूनमध्ये तू काय म्हणाली असतीस तेवढंच मला जाणून घ्यायचं होतं. ते आता मला कळायचं नाही, आणि खरं सांग, तुलाही कळायचं नाही.

डोळ्यांचं डॉक्टर काय म्हणाले ते मात्र कळव. हे पत्र मी मुद्दाम मोठ्या अक्षरात लिहिलं आहे.

तू वाचशील तेवढीच तुझी,
ताई