अकरा लाडू

२ मार्च, सोमवार, सकाळी ९

मला अक्षर येत नाही. फोनला सांगते, तो लिहितो. सुनेपेक्षा बरा, मधे बोलत नाही.

शुक्रवारी ह्यांची तिथी. नवऱ्याच्या नावानं दरवर्षी गरिबांच्या पोरांना गोड खाऊ घालते. आता इथे जर्मनीत, ह्या इंगोलश्टाटमध्ये गरीब शोधायचा कुठे? सगळ्यांच्या अंगात जाड कोट.

दुपारी ३

सापडले. नात अन्वी तिसरीत आहे. म्हणाली, घरी पैसे नसतील तर शाळेत जेवण फुकट मिळतं. आईबापांनी सरकारी ऑफिसातून कागद आणायचा. याच आठवड्यात जमा करतायत. शाळा त्यावरूनच गरीब मोजते म्हणे. माझे कष्ट वाचले. तिला सांगितलं, किती जण कागद देतात ते मोज. आणि त्यांच्यात जेवायला बसू नकोस, सवयी लागतात.

३ मार्च

सून उल्का म्हणाली, आई, लाडू शाळेत नका पाठवू. डोळे लाल. तुपासाठी जीव तुटतो. कंजूष.

मुलगा श्रीनाथ जानेवारीपासून घरूनच काम करतो. कंपनीनं गाडीसुद्धा परत नेली, घरी बसणाऱ्याला गाडी कशाला. नोकऱ्या देणाऱ्या सरकारी ऑफिसाची, जॉबसेंटरची पत्रं आठवड्याला दोन. पोराला इतकी मागणी. नाशिकला जावेला, प्रभाला फोन करून सांगितलं. तिनं लगेच फोनच ठेवला. जळते.

४ मार्च

सकाळी उल्कानं अन्वीच्या दप्तरात घाईघाईनं एक कागद घातला. शिक्का होता. सहलीचा असणार.

दुपारी अन्वी म्हणाली, अकरा. नावं सांगेना. पोटात ठेवते, माझ्यावर गेलीय.

५ मार्च

बेसन भाजून अकरा लाडू वळले. एकही जास्त नाही. अन्वीनं मागितला. म्हटलं, हे गरिबांचे. हात लावलास तर फटका बसेल.

६ मार्च, दुपारी ४

डब्यात एक लाडू परत. चिडले. अकरावा आज आला नाही का, विचारलं. अन्वी म्हणाली, आली होती. मग दिला का नाहीस? म्हणाली, तो माझा आहे. पण हात लावला तर फटका म्हणालीस, म्हणून विचारायला आणला.

जेवायला कुठे बसलीस, विचारलं. म्हणाली, एकटी. त्यांच्यात बसायचं नाही ना.

श्रीनाथ दारातच उभा होता. चपला घालून बाहेर गेला.

हे सगळं फोनमधून पुसायला हवं. पुसायचं बटण अन्वीलाच माहीत. ती लाडू खातेय. सावकाश खातेय.

थांबलेय.