तिच्या हाताला यश न्हाई

आबा, आज तुमच्यावर राग काढायलाच बसले आहे. तुम्ही होता तेव्हा तुमच्यापुढं तोंड उघडायची माझी टाप नव्हती. आता मधेच गप करायला तुम्ही नाही, ते बरंच आहे.

आटपाडीचा मेंढरांचा बाजार आठवतो? आई मेलेलं कोकरू मी बाटलीनं दूध पाजून जगवलं होतं. थंडीत त्याला अंथरुणात घेऊन निजायचे. त्याचा चांगला दांडगा मेंढा झाला. व्यापारी त्याच्या पाठीवरून हात फिरवतो आणि म्हणतो, "पोरीनं लय झ्याक जोपासलंय की!" मी फुगून उभी. आणि तुम्ही? "ती कसली जोपासतीय! तिच्या हाताला यश न्हाई. मी हाय म्हणून जगलं." भर बाजारात! माणसं हसली. घरी येऊन रडले तर आई म्हणाली, "आगं, तुला दिष्ट लागू न्हाई म्हणून बोलत्यात. पावन्यापुढं चांगल्या मेंढ्यालाबी रोगट म्हनत्यात न्हवं?" मेंढ्याला आपलं बोलणं कळत नव्हतं, आबा. मला कळत होतं.

त्या एका वाक्यानं माझं वाटोळं केलं. कुणाची मेंढी व्याली की "हिला लांब ठेवा" सुरू झालं. पुढं कोरेगावला दिलीत, शिवण शिकले, दुकान घातलं, तरी नव्या कापडाला कात्री लावायला हात धजायचा नाही. किती वर्षं पहिला काप जाऊबाईंकडून मारून घेतला! लोकांची नजर लागली असती तर दोन दिवस ताप येऊन गेला असता. तुमचं बोलणं काही अंगातून गेलं नाही. असं का बोललात ते शेवटच्या आजारात तुम्हाला विचारणार होते, तर पाणी पाजायला पुढं झाले तेव्हाही म्हणालात, "हिला न्हाई जमायचं, थोरल्याला बोलवा." धन्य तुमची!

माझी लेक आठवीत आहे. परवा मी बाजारात गेले असताना पोरीनं गिऱ्हाइकाचं ब्लाऊज स्वतःच कापून ठेवलं. मी ते तसंच शिवलं. आज ती बाई ते घालूनच आली. "आवं, कुणी कापलं ह्ये? लय झ्याक बसलंय!" लेक माझ्या तोंडाकडं बघायला लागली. आणि तुमचं ते बोलणं अगदी माझ्या जिभेवर आलं, 'तिला कसलं येतंय, मीच कापलं.' मेली जीभ! गिळलं मी ते. म्हणाले, "माझ्या लेकीनं कापलंय. एकटीनं. हात चांगला आहे तिचा." पोरगी लाजून आत पळाली आणि आत जाऊन मोठ्यानं गाणं म्हणायला लागली.

हे पत्र कुठं धाडणार? मशीनच्या खणात पडून राहील. तुम्हाला माफ केलेलं नाही, करणारही नाही. फक्त एक सांगते. ती बाई गेल्यावर मी दार लोटलं, पोरीला समोर बसवलं आणि तिच्यावरून मीठ-मोहऱ्या उतरून टाकल्या. लय भ्या वाटलं हो, आबा.