अवसेनंतर रुसणारा जनरेटर

२९ एप्रिल, बुधवार
ओतूरबाहेरच्या दूध चिलिंग सेंटरच्या जनरेटरनं परत दगा दिला. माझ्या एकट्याकडं दिलेली पहिली साइट. लाइट गेली की पॅनलनं आपोआप स्टार्टर मारायचा. मारला, पण नुसतं टक्, नि गप. बॅटरी पार उतरलेली. वीस मिनिटांत लाइट आली म्हणून दूध वाचलं.
आमचं जनरेटर दुरुस्तीचं दुकान हनीफचाचांचं. म्हणाले, "बेटा, मागच्या महिन्यातबी हेच. तिसऱ्यांदा झालं तर तू बेंचवर बस, साइट मी बघतो."
बेंचवर म्हंजे दिवसभर जुन्या स्टार्टरचं काळं पुसत बसणं. चाकण सोडलं, रांजणगाव सोडलं, ते असल्याच कामापायी. हेबी सोडीन. माझं मला माहीत आहे.

३० एप्रिल
बॅटरी दुकानात चार्ज करून बसवली. स्टार्टर खोलला, कार्बन नवे टाकले. सगळी बटणं धडाधड चालू केली. तीनदा टेस्ट, तिन्ही वेळा एका झटक्यात. तिथले ऑपरेटर बबनमामा, साठीला आलेले. त्यांनी हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवला. "अवसेचा परसाद हाये. वाळलाय, पण चाव. दात हायेत ना?" मग हळूच, "दर अवसेनंतर रुसतंय बघ हे धूड. मागल्या बारीला बी असंच व्हतं."
हसलो. भूत काय साय खायला येतंय का इथं!

६ मे
गेवराईहून आईचा फोन. दाजीला ट्रॅक्टरवर माणूस पायजे, ये माघारी. "बघतो" म्हणलो. आधी लगेच "येतो" म्हणायचो.

१२ मे, मंगळवार
काम नव्हतं. ही वही मागं चाळली. जनरेटर मेला २९ मार्चला नि २९ एप्रिलला. दुकानातलं कॅलेंडर बघितलं. अवस १९ मार्च, १७ एप्रिल. दोन्ही वेळा दहा-बारा दिवसांनी! अंगावर काटाच आला राव.
चाचांना सांगितलं. आधी लई हसले. "लो, आठवी नापास का सायन्स!" मग चष्मा काढून म्हणाले, "बॅटरीला तिथी कळत नाही. माणसाला कळते. त्या दिवशी तिथं माणूस काय करतो, ते जाऊन बघ."

१६ मे, शनिवार. अवस.
सकाळीच गेलो. मामा अंघोळ करून आलेले. पयलं पॅनल बंद केलं, मग मागं हात घालून चार्जरचं बटण बंद केलं. "वल्लं फडकं मारायचं, करंट नको." बरोबरच आहे. इंजिन पुसलं, हळद-कुंकू, उदबत्ती, नारळ. मग पॅनल ऑटोवर केलं. मागचं बटण तसंच बंद.
"मामा, ते?"
"ते चालू करायचं असतंय व्हय?"
सांगितलं, पॅनल दिवसरात्र घोट घोट बॅटरी पितं, चार्जर ती भरत राहतो. रांजणाला बारीक भोक आहे नि वरून तुमी पाणी वतायचं थांबवलं.
मामा खालीच बसले. "सेंटरच्या सायबाला सांगशील? नोकरीची दोनच वर्सं राह्यलीत रं."
मला हसू येणार होतं, ते तिथंच अडकलं. दोन्ही वेळा बॅटरी बसवल्यावर ते बटण मीच चालू केलं होतं. बंद होतं, बोटाला लागलं, पण का बंद आहे हे बघितलंच नाय. कार्बन बदलत बसलो शहाणा.
मग मामांनीच तोड काढली. बटण चालू करायचं, त्यालाबी कुंकू लावायचं, लाल दिवा दिसला की हात जोडायचे. मगच नारळ. पूजा परत केली. नारळ दुसरा आणला.

१७ मे
चाचांना म्हणलो, माझी चूक, चार्जरचं बटण का बंद आहे ते न बघताच चालू करायचो. मामांचं नाव नाय घेतलं. चाचा म्हणाले, "नारळ कोण फोडतो ते मला माहीत आहे," एवढंच. मग, "लाइट गेल्यावर जनरेटर एकदा आपोआप चालू होऊ दे. मंचरकडं दोन साइट आहेत, मग बोलू."

२४ मे
लाइट जातच नाय. जन्मात पहिल्यांदा लाइट जावी म्हणून बसलोय.

२८ मे, गुरुवार
बारावा दिवस. दुपारी वारं सुटलं, नि गेली! सेंटरला फोन लावला. मामांनी उचलला, बोलले कायतरी, पण ऐकूच येईना. मागं इंजिनाची धडधड. मला ओरडून सांगत होते नि मी इकडून "कळलं, कळलं!"
चाचांचं तोंड कोरडंच. "एक अवस झाली. अजून एक बघू."
आईला सांगितलं, दाजीला दुसरा माणूस बघायला लाव. ती म्हणाली, जेवतोस ना नीट?
खोलीत पहिला खिळा ठोकला. आजवर कुठल्याच खोलीत ठोकला नव्हता. कॅलेंडर लावलं. जूनच्या अवसेला गोल केलाय.