बिनकाट्याचा गुलाब

४ फेब्रुवारी
चि. ठमीस, अनेक आशीर्वाद.
तब्येत ठीक, पाठ कुरकुरते तेवढीच. काचघरातल्या तिसऱ्या ओळीची पानं पिवळी ठिपकेदार झालीत. भिंगातून पाहिलं, तर पानांखाली रस शोषणारे बारीक लाल कोळी आणि अंडीच अंडी! तीन औषधं फवारली, पाण्यासारखी पचवली त्यांनी. त्याच ओळीतला माझा बिनकाट्याचा गुलाब, एकोणीस वर्षांचं कलम, या घराबाहेर कुठंच नाही. कोळ्यांची अंडी बंद करायचा तुला तिकडे प्रयोगशाळेत पगार मिळतो ना? मग बापाच्या उपयोगी पड की एकदा!
तुझे बाबा

११ फेब्रुवारी
ती. बाबांस शि. सा. नमस्कार.
हसू आलं आणि काळजीही वाटली. कोळिणीच्या अंगात अंडी पिकवणारं एक संप्रेरक असतं. ते बनवणारं जनुक आम्ही एका औषधानं गप्प बसवलंय. रोज आठ अंडी घालणारी आता एखादंच घालते. पण हे बशीतल्या नखाएवढ्या पानावर! चाळीस कोळिणींपुरतं औषध बनवायला महिना जातो. तुमच्या काचघराला कुठून पुरणार? तुम्ही आजच काड्या कापून पाठवा, मी इथं वाढवते. चालढकल नको.
तुमची ठमी

२ मार्च
चि. ठमीस आशीर्वाद.
रागावू नकोस. झाडं इतकी थकली होती की कात्री लावायला हात धजेना. आज-उद्या करता करता दोन आठवडे गेले. माळीणबाई रोज म्हणते, जाळून टाका, शेजारच्या ओळी तरी वाचतील. बारा काड्या पाठवल्यात. सांभाळ.
बाबा

१७ मार्च
ती. बाबांस नमस्कार.
कसं लिहू? अकरा काड्या वाटेतच सुकल्या. बारावीला फुटू पाहणारा एक हिरवा डोळा होता आणि त्याच्याखाली एक कोळीण, सात अंड्यांसकट. साहेबांना न विचारता प्रयोगातलं औषध मी तिला दिलं. ते लागू पडलं, बाबा. तिसऱ्या दिवसापासून तिनं एकही अंडं घातलं नाही. पण तोवर डोळा काळा पडला होता. माझ्यावर राग धरू नका.
ठमी

२५ मार्च
चि. ठमीस आशीर्वाद.
राग कसला? उशीर माझ्या हातून झाला. माळीणबाईनं आणि मी काल सगळं उपटून जाळलं. शेजारच्या ओळीही वाचल्या नाहीत. तू येऊ नकोस, पाहण्यासारखं काही उरलेलं नाही. सकाळी सवयीनं काचघरात जातो, नळ सोडतो, मग आठवतं आणि बंद करतो.
लोभ राहू दे. पत्रं लांबलचक लिहीत जा, वाचायला आता वेळच वेळ आहे.
बाबा