चंद्राआधी आलेलं बिल

शनिवार, संकष्टी

सहाशे रुपये. पाण्याचे! अजून डोक्यातून जात नाही.

नित्या आणि स्मिताबरोबर बोरिवलीच्या हॉटेलात बसलो होतो. त्यांच्यासमोर सुरमई, माझा उपास, म्हणून माझ्यासमोर पाण्याचा ग्लास. चंद्र उगवला की पनीर मागवायचं, असा बेत होता. पण चंद्राआधी बिल आलं.

नित्याने लगेच भागाकार केला. "तिघांत सारखं, सहाशे-सहाशे. चालेल ना रे?"

"हो रे, बिनधास्त!" मी म्हणालो. का म्हणालो? झक मारली. पण कॉलेजपासूनचे दोस्त, त्यांच्यासमोर कोण काय जेवलं हे मोजायचं कसं?

बिलाबरोबर बडीशेपची वाटी आली होती. ती मी अख्खी रुमालात ओतली. स्मिता बघतच राहिली. बघू दे. सहाशे रुपयांची होती.

बाहेर आलो तर चंद्र समोर! दोघांनी सुरमईच्याच हातांनी मनोभावे नमस्कार केला.

"सोड आता उपास," स्मिता म्हणाली.

मी रुमाल उघडला. नित्याने हात पुढे केला. "एकटाच खाणार काय रे?"

बडीशेपही तिघांत सारखी वाटली.