चांदीला काळा कुर्ता लागतो

प्रिय शिवराज,

तू पाठवलेला रिंग लाइट परत पाठवतेय. राग मानू नकोस, आणि मानलास तरी माझा इलाज नाही. लग्नानंतर हे दागिन्यांच्या फोटोंचं काम सोड, हौस म्हणून घरी काय ते कर, असं फोनवर म्हणालास आणि लगोलग हा दिवा धाडलास. समजूत काढायची ही कुठली तऱ्हा? त्यातून हा दिवा माणसांच्या तोंडासाठी असतो. मोत्यांवर धरला की एकेका मोत्यात पांढरं कडं उमटतं, मधोमध काळा ठिपका, आणि अख्खा सर डोळे वटारून आपल्याकडे बघत बसतो. एकदा विचारलं असतंस तर सांगितलं असतं. पण तुमच्याकडून माझ्यासाठी वस्तू येतात, निर्णय येतात, विचारायला मात्र कुणी येत नाही.

आता विचारलं नाहीस तरी सांगते. चकचकीत वस्तू स्वतःचं काही दाखवत नाही, समोर जे असेल ते दाखवते. म्हणून दिवा तिच्यावर मारायचाच नाही. मधे ट्रेसिंग पेपर ताणायचा, दिवा त्याच्या पलीकडे, म्हणजे उजेड पसरून येतो. बाजूला थर्माकोल. चांदीची कड उठून दिसावी म्हणून काळ्या कागदाची पट्टी. खोलीतली ट्यूब बंद, नाहीतर रंग बिघडतो. पैसे घालायचे ते मॅक्रो लेन्समध्ये आणि जड ट्रायपॉडमध्ये. माझी लेन्स शंभर मिलिमीटरची आहे, म्हणजे लांब उभं राहून बारीक नक्षी टिपता येते आणि वस्तूत मी कमी दिसते. कमी, पण दिसतेच. सुरुवातीला लाल ओढणी घेऊन पैंजणांचे फोटो काढले, तर चांदी गुलाबी आली. नारायणगुड्याच्या सराफ शेठनं सगळे फोटो परत केले, वर चार माणसांत हसला. तेव्हापासून कामाला काळा कुर्ता, हात मोकळे, टिकलीसुद्धा काढून ठेवते. करंड्याच्या झाकणात तीही लाल ठिपका होऊन बसते.

साखरपुड्यानंतर तुझ्या आई दिलसुखनगरहून मुद्दाम साडी घेऊन आल्या, त्या नेमक्या अशाच वेळी. मी काळ्यात, मनगटं उघडी, कपाळ उघडं, आणि स्टँडवर दुकानाचं मंगळसूत्र टांगलेलं. त्यांचा चेहराच उतरला. पाण्याला हात लावला नाही त्यांनी. मी धावत जाऊन टिकली लावून आले, पण तोवर त्या चपला घालत होत्या. त्या भ्यायल्या, हे मला कळतं रे. त्यांना तुझीच काळजी, ते अशुभ तुझ्यावरच येईल म्हणून. त्यांचा राग नाही मला. मला राग आहे तो तुझा, कारण तुला सगळं ठाऊक होतं. तू स्वतः या खोलीत थर्माकोल धरून बसलायस, फोटो बघून वा वा केलंयस. आईंना एवढंच सांगायचं होतं, की तो तिच्या कामाचा कपडा आहे. त्या म्हणाल्या, तिला हे काम सोडायला सांग, तर तू मान डोलावलीस आणि माझ्या वतीनं हो म्हणून मोकळा झालास.

विचारलं तर म्हणतोस, परसों बोलतो आईंशी. आपल्या हैदराबादचं परसों मला माहीत आहे, ते उद्याही असतं आणि पुढच्या दिवाळीतही. नक्को रे बाबा. मला तू हवा आहेस, अगदी मनापासून. तुझ्या घरी सणाला हिरव्या बांगड्या भरीन, आईंच्या पाया पडेन, पुरणही वाटीन. पण काम सोडणार नाही. ते मी आबांच्या, भावाच्या, गल्लीच्या नाकावर टिच्चून उभं केलंय आणि आता तुझ्यासाठीही मोडणार नाही.

फोनवर तू बघू म्हणतोस आणि मी विरघळते, म्हणून हे लिहून पाठवतेय. आज सकाळी आबा लग्नपत्रिका छापायला निघाले होते. मी त्यांच्या हातातून मजकूर काढून घेतला. घरात रडारड चालू आहे, चिक्कडपल्लीत आता कुणाला सांगायचं राहिलं नाही. आईंना समोर बसवून सांग, की त्रिवेणी काम करणार आहे, मला ते मान्य आहे. मग इथे येऊन तो मजकूर माझ्याकडून घेऊन जा आणि तूच छापायला दे. आला नाहीस तर मी काय ते समजेन, आणि लग्न होणार नाही हे आबांना मीच सांगेन.

तुझीच, आणि माझीही,
त्रिवेणी